तेच खिळे, नवे पान

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)



गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटावर एक प्रसंग आला. पापड, कुरडया आणि शेवयांच्या ऑर्डरी ऐन हंगामात एकाएकी थांबल्या. आम्हाला वाटले, यंदा लोकांनी हात आखडता घेतला. दोन आठवड्यांनी एका जुन्या गिऱ्हाईक बाई घरीच आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा फोन बंद का?" तेव्हा उलगडा झाला. गटाचा मोबाइल नंबर बदलला होता. वेबसाइटच्या पहिल्या पानावर तो बदलला गेला, पण आतल्या पानांवर जुनाच राहिला. साइट करून देणाऱ्याने प्रत्येक पान सुटे, वेगळे केले होते. एक नंबर बदलायचा म्हणजे सगळी पाने एकेक करून उघडायची. त्यात काही सुटली आणि आमचा हंगाम गेला.

मग गटातल्याच एकीच्या मुलीने साइट नव्याने बांधली. ती मला म्हणाली, "मावशी, नंबर आता एकाच ठिकाणी ठेवलाय. तिथं बदलला की सगळीकडं बदलतो. बटण एकदाच केलंय, मालाची चौकट एकदाच केलीय. तेच तुकडे सगळ्या पानांवर जुळवलेत. उद्या लोणची विकायची ठरलं, तरी नवं काही करायला नको."

ते ऐकून मला हसू आले. कारण हे सगळे मी लहानपणी पाहिले होते, तेही कॉम्प्युटरशिवाय. माझे वडील, आमचे अण्णा, नगरच्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे जुळवून पान तयार करायचे, हे त्यांचे काम. आज मी तुम्हाला या एका युक्तीचा इतिहास सांगणार आहे. तुकडा एकदा नीट करायचा आणि हजार वेळा वापरायचा, ही ती युक्ती. आपल्या मराठीत ती कशी आली, तिने काय दिले आणि तिच्यात बायकांनी कुठे जागे राहायला हवे, ते पाहू.

सुरुवात करू १८०५ सालापासून. त्या एका वर्षात दोन ठिकाणी दोन पुस्तके छापली गेली. पहिले मिरजेला. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात नागरी अक्षरे छापण्याची खटपट सुरू झाली होती. १८०० साली नाना वारले. पुढे ते काम मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले आणि १८०५ साली भगवद्गीता छापून निघाली. ती छापली होती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. एक पत्रा म्हणजे एक पान.

दुसरे पुस्तक बंगालमध्ये, सेरामपूरला छापले गेले. विल्यम कॅरी यांचे ते मराठी भाषेचे व्याकरण. ते सुट्या खिळ्यांनी छापले होते. सेरामपूरला नागरी अक्षरांचे ठसे कोरण्याचे काम पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर या बंगाली कारागिरांनी केले. मराठीचे पहिले खिळे असे बंगाली हातांनी घडले.

आता दोहोंतला फरक पाहा. मिरजेच्या त्या पत्र्यांवर अपार मेहनत होती. पण गीतेचा पत्रा गीताच छापणार. दुसरे पुस्तक हवे असेल तर पुन्हा नवे पत्रे आणि पुन्हा तितकीच कोरणी. एक अक्षर चुकले तर तो पत्राच दुरुस्त करत बसायचे. सेरामपूरला मात्र व्याकरणाचे पान छापून झाले की तेच खिळे सोडवून पुढच्या पानाला घेता येत होते, त्यानंतर पुढच्या पुस्तकाला. चुकले तर एक खिळा उचलायचा, दुसरा बसवायचा. आमच्या गटाची पहिली वेबसाइट मिरजेच्या पत्र्यासारखी होती आणि दुसरी सेरामपूरच्या खिळ्यांसारखी. एवढे ध्यानात धरले की पुढचे सगळे सोपे आहे.

खिळा तयार कसा व्हायचा? आधी पोलादाच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. तो झाला ठसा. ठसा तांब्यात ठोकला की अक्षराचा साचा तयार. त्या साच्यात शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतला की खिळा. कोरणी एकदाच करायची. नंतर एका साच्यातून हजारो खिळे, सगळे सारख्या उंचीचे. ही सारखी उंची फार महत्त्वाची. एक खिळा केसभर उंच असला तर तो कागद फाडतो आणि बुटका असला तर उमटतच नाही. सुटे तुकडे एकमेकांशेजारी बसायचे असतील, तर त्यांचे माप आधी ठरलेले असावे लागते.

इंग्रजीला हे काम सोपे गेले. तिकडे लहानमोठी मिळून बावन्न अक्षरे, शिवाय आकडे आणि चिन्हे. आपल्याकडे 'क' म्हटला की का, कि, की, कु, कू, शिवाय जोडाक्षरे आणि रफार. प्रत्येक जोडणीचा वेगळा खिळा ओतायचा म्हटले तर खिळ्यांची पेटी खोलीभर होईल. म्हणून कारागिरांनी दोन वाटा काढल्या. एक 'अखंड' खिळ्यांची. तीत अक्षर वरपासून खालपर्यंत एकाच खिळ्यावर. दुसरी 'डिग्री' खिळ्यांची. तीत मधले अक्षर वेगळे, वरच्या मात्रा-वेलांट्या वेगळ्या, खालचे उकार वेगळे आणि हे तीन मजले जुळाऱ्याने जुळवायचे. डिग्रीत तुकडे लहान आणि कमी, पण जुळवणी किचकट. अखंडात जुळवणी सोपी, पण खिळे भारंभार. तुकडा किती लहान करायचा, हा प्रश्न तेव्हाही होता. आज वेबसाइट बांधणाऱ्यांपुढेही तोच आहे. फार बारीक केला तर जोडताना जीव जातो आणि फार मोठा केला तर दुसरीकडे बसत नाही.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने हे काम पुढे नेले. तिथे थॉमस ग्रॅहम या कारागिराने मराठीचे सुबक खिळे घडवले. त्याच छापखान्यात जावजी दादाजी चौधरी नावाचा मुलगा लहान वयात कामाला लागला आणि खिळे ओतण्याची विद्या शिकला. १८६४ साली त्याने स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि पुढे निर्णयसागर छापखाना. जावजींचे मित्र राणोजी रावजी आरू यांच्या हाताला ठसे कोरण्याची मोठी कला होती. निर्णयसागरचे खिळे देशभर नावाजले. गावोगावच्या छापखान्यांना आता स्वतः काही कोरायची गरज उरली नाही. तयार खिळे विकत आणायचे, यंत्र मांडायचे आणि कामाला लागायचे. ओतशाळा एक आणि छापखाने शेकडो.

यात आपल्या नगरचा संबंध कुठे येतो? अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. १८२७ साली मुंबईला उतरलेल्या सिंथिया फरार पुढे नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली इथेच वारल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि पुढे काय झाले ते आपण सगळ्या जाणतो. याच नगरात १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. काही वर्षांतच त्याची छपाई मुंबईला मिशनच्या छापखान्यात गेली.

आणि १८५५ साली याच 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. मांग समाजातली ही मुलगी पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकत होती. वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले होते. ज्यांना अक्षराजवळ फिरकू दिले जात नव्हते, त्यांच्यातल्या एका मुलीचे शब्द छापून लोकांच्या हाती पडले.

मैत्रिणींनो, इथे क्षणभर थांबा. तो निबंध छापायला कुणाला नवी अक्षरे कोरावी लागली नाहीत. धर्माची पत्रके छापणाऱ्या छापखान्यात खिळ्यांची पेटी तयारच होती. त्यातलेच खिळे मुक्ताच्या शब्दांसाठी जुळले. निबंध छापून झाल्यावर ते पुन्हा खणात गेले असतील आणि आणखी कशाला तरी जुळले असतील. समजा मिरजेसारखे पत्रे कोरायचे असते, तर एका मांग मुलीच्या निबंधासाठी इतका खर्च कुणी केला असता? तयार तुकड्यांमुळे पान स्वस्त होते. आणि पान स्वस्त झाले की ज्याच्यासाठी कुणी पैसा खर्च करणार नाही, त्याचेही म्हणणे छापले जाते. या युक्तीने आपल्याला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते.

बायकांनी हे खिळे नुसते वाचले नाहीत, जुळवलेही. नगर जिल्ह्याची हद्द ओलांडली की भीमेपलीकडे दौंड तालुक्यात केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते जुळवण्याचे आणि छापण्याचे काम मिशनमधल्या बायका-मुलींनी केले. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि पुरे बायबल १९२४ साली बाहेर आले. त्या बायकांमध्ये कितीतरी विधवा होत्या, दुष्काळात पोरक्या झालेल्या होत्या. त्यांच्या हाती अक्षर आले ते शिशाचे वजन घेऊनच.

आता आमच्या अण्णांकडे येते. लग्नसराईत छापखान्यात उसंत नसायची. पण अण्णांना प्रत्येक पत्रिका नव्याने जुळवावी लागत नसे. गणपतीचा ठोकळा, वरचे 'श्री गणेशाय नमः', 'चि.', 'चि. सौ. कां.', 'आपले नम्र', भोवतीची वेलबुट्टी हे सगळे चौकटीत दोऱ्याने बांधून ठेवलेले असे. फक्त नावे, तिथी आणि स्थळ बदलायचे. अर्ध्या तासात पत्रिका तयार. आजच्या भाषेत ज्याला टेम्प्लेट म्हणतात, ते हेच.

एकदा एक बाई मुलीची पत्रिका करायला आल्या. नवरा वारलेला. मजकूर दिराने लिहून दिला होता आणि खाली निमंत्रक म्हणून काका-काकूंची नावे होती. आईचे नाव कुठेच नव्हते. बाई काही बोलल्या नाहीत. अण्णांनी विचारले, "वहिनी, तुमचं नाव राहिलं का?" त्या म्हणाल्या, "आमचं कुठं बसतंय त्याच्यात?" खरेच बसत नव्हते. बांधून ठेवलेल्या चौकटीत जागा होती ती 'सौ. व श्री.' अशीच. अण्णांनी दोरा सोडला, 'सौ. व श्री.' बाजूला काढले, 'श्रीमती' जुळवले आणि कच्चे प्रूफ काढून दिरापुढे ठेवले. दीर थोडा वेळ बघत राहिला, मग "छापा" म्हणाला. त्या दिवसानंतर अण्णांनी 'श्रीमती'ची चौकटही बांधून ठेवली. पुढे कुणी आले की स्वतःच विचारत, "कोणती लावू?"

मी तेव्हा सातवीत होते. चौकट तयार असते तेव्हा आपण तिला विचारतच नाही, की तू कुणासाठी बांधली होतीस. सोय झाली एवढे दिसते. कुणाची जागा धरली नाही, ते दिसत नाही.

कॉम्प्युटरवाल्यांना ही युक्ती सुचायला थोडा वेळ लागला. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश गावी सॉफ्टवेअर करणाऱ्यांची एक परिषद भरली. तिथे डग्लस मॅकिलरॉय या अमेरिकन गणितज्ञाने मांडले, की प्रत्येक जण तेच काम पुन्हा पुन्हा हाताने करत बसतो. कारखान्यात तयार सुटे भाग मिळतात, तसे सॉफ्टवेअरचेही मिळाले पाहिजेत. पुढे इंटरनेट आले. १९९६ साली वेबसाइटचा मजकूर वेगळा आणि त्याचे रंगरूप वेगळे ठेवण्याची पद्धत प्रमाण झाली. मग मोबाइल आले आणि तेच पान मोठ्या पडद्यावर ऐसपैस व हातातल्या फोनवर एकाखाली एक बसायला लागले. अण्णा तेच खिळे भिंतीवरच्या जाहिरातीला रुंद आणि हातातल्या पत्रकाला अरुंद जुळवायचे, तसेच.

मराठीला इथेही आधी अडखळावे लागले. सुरुवातीला कॉम्प्युटरवर मराठी फाँट आले, पण प्रत्येकाची खणांची मांडणी वेगळी. एकाच्या खणात 'क' तर दुसऱ्याच्या त्याच खणात भलतेच काही. एका मशीनवर टाइप केलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की नुसती रांगोळी. तुकडे सुबक होते, पण माप सर्वांचे एक नव्हते. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देण्याची रीत सुरू झाली. तरी मराठीचे सगळे तुकडे तिच्यात आधीपासून नव्हते. 'ॲ' हे अक्षर तिच्यात आले ते २००८ साली. २००९ साली राज्य सरकारने मराठीची वर्णमाला कशी लिहायची याचा निर्णय काढला. आपला 'ल' आणि 'श' हिंदीहून वेगळा दिसतो, हेही त्यात नीट नोंदले. मागणारे कुणी असले तरच तुकडा घडतो.

आज आपल्या जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ उघडा आणि शेजारच्या एखाद्या जिल्ह्याचे उघडा. बहिणी-बहिणी दिसतील. देशभरच्या जिल्ह्यांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार चौकटी आणि तुकडे बांधून ठेवले आहेत. जिल्ह्याने आपला मजकूर आणि आपली चित्रे त्यात भरायची. ओतशाळा एक, छापखाने शेकडो.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन निर्णय घेतले. एक, अहमदनगरचे नाव अहिल्यानगर करण्याचा. चौंडीच्या लेकीचे नाव जिल्ह्याला मिळाले. दुसरा, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव लिहिण्याचा. दोन्ही निर्णय नावाचे. आणि दोन्हींची कसोटी एकच. जिथे जिल्ह्याचे नाव एका ठिकाणी ठेवून सगळीकडे वापरले असेल, तिथे ते एकदा बदलले की झाले. जिथे पानापानावर हाताने लिहिले असेल, तिथे जुने नाव कुठल्या तरी कोपऱ्यात वर्षानुवर्षे राहील. आईच्या नावाचेही तेच. नावाची चौकट एकदा नीट बांधली तर शंभर अर्जांत आईला जागा मिळते.

पण याची दुसरी बाजूही आहे. माझ्या नणंदेला नवऱ्याने सोडले त्याला बारा वर्षे झाली. मध्ये ती एक ऑनलाइन अर्ज भरायला गेली. 'पतीचे नाव' या चौकटीवर लाल चांदणी, म्हणजे ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिने चौकट रिकामी ठेवली, अर्ज परत आला. दुसरा अर्ज उघडला, तिथेही तीच चौकट, तीच चांदणी. कुणीतरी एकदा बांधली आणि बाकीच्यांनी उचलून लावली. अण्णांच्या छापखान्यात समोर माणूस होता. त्याने विचारले आणि दोरा सोडला. इथे विचारायला कुणी नाही. तुकडा चांगला असला तर चांगुलपणा सगळीकडे पोहोचतो आणि त्यात कुणी वगळले गेले असेल तर तेही सगळीकडे पोहोचते. शेवटी नणंदेने जे नाव लिहायचे नव्हते तेच लिहिले. घरी आली आणि त्या दिवशी जेवली नाही.

पण ज्या युक्तीमुळे ती चांदणी सगळीकडे गेली, त्याच युक्तीने ती एका जागी काढताही येते. म्हणून तक्रार करताना 'हा अर्ज चुकीचा आहे' एवढ्यावर थांबू नका. 'ही चौकट चुकीची आहे, मुळात बदला' असे लेखी द्या. आणि तुमच्या गटाची वेबसाइट कुणी करून देत असेल तर पैसे देण्याआधी त्याला विचारा : आमचा नंबर आणि दर बदलले तर किती ठिकाणी बदलावे लागतील? 'एका' असे उत्तर आले तरच पुढे बोला. आमच्या गटाच्या ऑर्डरच्या चौकटीत आता नाव, गाव आणि फोन एवढेच विचारले आहे. सौ. की श्रीमती, हे पापड घेणारीला सांगावे लागत नाही.

अण्णा गेले तेव्हा छापखाना केव्हाच बंद झाला होता आणि खिळे मोडीत वितळले होते. घरी एकच चौकट राहिली आहे, दोऱ्याने बांधलेली. तिच्यात उलट्या अक्षरांत 'श्रीमती' आहे. गटाची साइट बांधणाऱ्या त्या मुलीला मी ती दाखवली. तिने बोटाने अक्षर चाचपले आणि म्हणाली, "मावशी, हे तर आमचंच काम आहे."